मनगटातल्या प्लेटचा जन्मदाखला

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात शेवाळावरून, ओल्या फरशीवरून घसरून पडलेल्यांच्या बातम्या येतात. ‘हात मोडला, प्रकृती स्थिर’ इथे बातमी संपते. प्रकृती स्थिर झाल्यावर पुढे सव्वा वर्षाने काय होऊ शकतं, ते कळवायला हे पत्र लिहिते आहे. ज्या हाताने लिहिते आहे, तोच मोडला होता.

मी कराडच्या शनिवार पेठेत 26 वर्षं ब्लाऊज शिवते. 2022 च्या जुलैत, आषाढी एकादशी होऊन आठवडा झाला असेल, पावसाने जरा उघडीप दिली म्हणून मागच्या दारी धुणं वाळत टाकायला गेले आणि फरशीवर पाय सटकला. पडताना माणूस हात टेकतोच. मी उजवा टेकला. बसल्या जागी मनगटाकडे पाहिलं तर ते मधेच खचून पुन्हा वर आलेलं. डॉक्टरी पुस्तकात त्याला जेवायच्या काट्याची उपमा देतात म्हणे. मला ते आमटीच्या पळीसारखं दिसलं.

अंगठ्याच्या बाजूचं हाड, रेडियस, सांध्याच्या अगदी काठाशी मोडून त्याचे तीन तुकडे झाले होते. गावातल्याच एका दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नुसतं प्लास्टर घातलं तर तुकडे पुन्हा सरकतील. तारा घातल्या तर चार-सहा आठवड्यांनी त्या ओपीडीत बसल्या बसल्या उपटता येतात, पण तोवर हात बांधलेला. प्लेट, म्हणजे स्क्रूंनी हाडावर आवळायची धातूची पट्टी, बसवली तर पंधरा दिवसांत मनगट हलवायला लागायचं. माझं पोट हातावर, म्हणजे अगदी शब्दशः हातावर, त्यामुळे मी प्लेट म्हटलं. ती काढायची कधी, असंही विचारलं. ‘काढायची गरज नसते, राहू दे आत,’ असं उत्तर मिळालं आणि मीही विषय सोडला.

ऑपरेशन उत्तम झालं, हे मुद्दाम लिहिते. हाड सरळ जुळलं. नवरात्राच्या घाईला मी मशीनवर होते. गिऱ्हाइकं म्हणायची, हात मोडला होता हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

पुढच्या वर्षी गौरींच्या आधी, रात्री उशिरापर्यंत काजं-हुकांचं काम चाललं होतं. सुईत दोरा ओवताना अंगठ्याचं वरचं पेर वाकवलं की मनगटाच्या आत, जुन्या व्रणाखाली, काहीतरी करकरायचं. दुखणं असं नव्हतं. मशीनच्या दाबपट्टीचा काठ खडबडीत झाला की धागा त्यावरून जाताना हाताला कसा लागतो, तसं. मोठी कैची चालवली की जास्त. डाव्या हाताची बोटं व्रणावर ठेवून अंगठा वाकवला तर ते बोटांना कळायचं. मी लेकीला दाखवलं, जावेला दाखवलं, एका गिऱ्हाइकाला पण दाखवलं.

मग सल्ले सुरू झाले. ‘शरीरात लोखंड ठेवूच नये.’ ‘पावसात दुखतं ना? प्लेट गार पडते.’ ‘विमानतळावर अडवतात.’ (मी कराडहून विमानाने कुठे जाणार, हा प्रश्न वेगळा. शिवाय माझी प्लेट लोखंडाची नव्हती, टायटॅनियमची निघाली, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं.) दुसऱ्या बाजूने, ‘काढू नकोस गं, भोकं पडलेलं हाड पुन्हा मोडतं.’ आमचे हे म्हणाले, डॉक्टर राहू दे म्हणालेत तर राहू दे. ज्या डॉक्टरांनी घातली होती ते दरम्यान दुसऱ्या गावी गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरांनी समोरून एक्स-रे काढला, हाड छान जुळलंय म्हणाले आणि गोळ्या दिल्या.

पितृपक्षात नवे कपडे कोणी टाकत नाही, त्यामुळे आमचा धंदा मंद असतो. त्या पंधरवड्यात मिरजेला जाऊन आले. तिथल्या हाताच्या डॉक्टरांनी आधी माझा अंगठा धरला, करकर स्वतःच्या बोटाला लावून घेतली आणि मग बाजूने एक्स-रे काढायला लावला. समोरून पाहिलं की प्लेट पसरलेली दिसते, ती किती वर उचलली गेलीय ते कळत नाही. बाजूने पाहिलं की कळतं. मशीनवर कापड वरून सपाट दिसतं, खाली दुमड पडलीय ते बाजूने वाकल्यावरच दिसतं, तसंच हे.

त्यांनी कागदावर हाड काढून दाखवलं. रेडियसच्या तळहाताकडच्या अंगाला सांध्याच्या थोडं अलीकडे एक उंचवटा असतो. इंग्रजीत त्याला वॉटरशेड म्हणतात, म्हणजे आपला पाणलोट. सह्याद्रीच्या माथ्यावर एका बाजूचं पाणी कोकणात आणि दुसऱ्या बाजूचं कृष्णेला, तशी ती धार. प्लेट धारेच्या अलीकडे बसली तर तिच्यावर एका स्नायूचं पांघरूण राहतं. धारेवर किंवा धारेपलीकडे गेली तर पांघरूण पुरत नाही, आणि बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या प्लेटच्या कडेवरून घासत जातात. त्यात सगळ्यात जास्त घासते ती अंगठ्याचं शेवटचं पेर वाकवणारी. आपण त्या दोरीला शीर म्हणतो, रक्ताच्या नळीलाही शीर म्हणतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या तारेलाही शीरच म्हणतो. ही म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी. बाजूच्या एक्स-रेवरून प्लेट किती पुढे आलीय, त्याच्या 0, 1, 2 अशा पायऱ्या मोजतात. माझी 2 होती.

ही कोणाची चूक का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, नाही. तुकडे सांध्याच्या इतक्या काठाशी होते की प्लेट काठापर्यंत नेली नसती तर ते धरलेच गेले नसते. हाड जुळेपर्यंत ती तिथेच हवी होती. फक्त हाड जुळल्यावर ती तिथे राहू देणं, हा वेगळा निर्णय आहे. तो मी कधी घेतलाच नव्हता, कारण असा काही निर्णय असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, दिवाळी झाल्यावर येते. त्यांनी विचारलं, ‘दिवाळीच्या आत तुटली तर?’ टेंडन तुटली की अंगठ्याचं पेर वाकतच नाही. मग नुसती प्लेट काढून भागत नाही, दुसरीकडची टेंडन आणून जोडावी लागते. सुई धरणाऱ्या बाईला याहून जास्त समजवावं लागत नाही.

आता माझी खरी तक्रार. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, ‘प्लेट कुठल्या कंपनीची?’ मी फाईल पुढे केली. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव, खाली औषधं. बिलात ‘इम्प्लांट चार्जेस’ अशी एक ओळ, पुढे 24,000 रुपये. कंपनी नाही, धातू नाही, माप नाही, नंबर नाही.

कंपनीशी काय करायचंय, असं मलाही वाटलं होतं. पण त्या स्क्रूंच्या माथ्यावरची खाच प्रत्येकाची वेगळी. कुणाची षट्कोनी, कुणाची चांदणीसारखी, आणि त्यातही मापं. जुळता स्क्रूड्रायव्हर नसला की माथा घासला जातो, आणि एकदा घासला की स्क्रू निघत नाही. वर या प्लेटमध्ये स्क्रूच्या माथ्यालाही आटे असतात आणि तो प्लेटमध्येच पिळून घट्ट बसतो. टायटॅनियम असेल तर काही वेळा असा जाम होतो की कापून काढावा लागतो. माझ्या मशीनच्या सुईचा स्क्रू आमच्या ह्यांनी एकदा घरातल्या मोठ्या स्क्रूड्रायव्हरने फिरवला होता. तो अख्खा दांडा बदलावा लागला. त्यामुळे मला हे लगेच पटलं.

मी जुन्या दवाखान्यात गेले. काउंटरवरची मुलगी भली होती, तिने रजिस्टर काढून दाखवलं. त्यातही ‘प्लेट’ एवढंच. तिथे मला कळलं की अशा प्लेटा दवाखान्यात ठेवलेल्या नसतातच. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सप्लायरचा माणूस पत्र्याच्या डब्यात सगळी मापं, स्क्रू, ड्रिल, स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो. लागेल ते लागतं, उरलेला डबा तो घेऊन जातो, आणि स्क्रूड्रायव्हरही त्याच डब्यातून जातो. त्या वेळचा सप्लायर कोण, कोणालाच आठवेना. एकाचा नंबर मिळाला, तर त्याने तो धंदा सोडून सोलर पॅनेलचं काम धरलं होतं.

यात तीन आठवडे गेले. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रेवरून अंदाज बांधला आणि दोन-तीन ठिकाणांहून वेगवेगळे डबे मागवले. त्यात एक डबा फक्त काढण्याच्या हत्यारांचा. त्या तीन आठवड्यांत मी कैची हातात धरली नाही. दसऱ्याची सगळी ब्लाऊजं शेजारणीकडे वळवली. रोज सकाळी डोळे उघडले की आधी अंगठ्याचं पेर वाकवून बघायचे.

कोजागिरीच्या दोन दिवस आधी ऑपरेशन झालं. हात बधिर केलेला, मी जागी. डॉक्टरांनी विचारलं, बघायचीय? पडद्याच्या कडेने हिरव्या कापडावर माझं उघडं मनगट थोडंसं दिसलं. त्यात पांढरी, चकचकीत, ओल्या रेशमासारखी एक पट्टी. तिच्या एका बाजूला साधारण नखाएवढ्या जागेत ती विस्कटलेली, बारीक तंतू सुटून बाहेर आलेले. ते ओळखायला मला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. हूक लावायच्या जागी दोरा काचतो तेव्हा तो असाच दिसतो, आणि असा दोरा दिसला की मी पुढचा टाका घालत नाही, दोरा बदलते. इथे बदलायला दुसरा नव्हता. निम्मी घासली होती, निम्मी शाबूत होती. एक स्क्रू त्रास देऊन निघाला, बाकीचे सुटले.

प्लेट मी मागून घेतली. स्वच्छ करून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत दिली. घरी आल्यावर माझी धाकटी, ती नर्स आहे, भिंग घेऊन बसली. प्लेटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात कंपनीची खूण, धातूचं नाव आणि नंबर कोरलेला होता.

माझ्यासारखीचं हे वाचून ज्यांच्या मनगटात प्लेट आहे त्यांनी उद्याच दवाखान्याच्या पायऱ्या चढाव्यात, असं मला म्हणायचं नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मनगटात नऊ वर्षं प्लेट आहे. वय 71, साखर, रक्त पातळ ठेवायची गोळी. पावसात मनगट ठणकतं म्हणून त्या प्लेट काढा म्हणून मागे लागल्या होत्या. त्याच डॉक्टरांनी बाजूचा एक्स-रे पाहून सांगितलं, प्लेट धारेच्या पुष्कळ अलीकडे आहे, बोटं सुरळीत आहेत, हात लावायचा नाही. ठणकतो तो झिजलेला सांधा, प्लेट काढली तरी पाऊस पडला की ठणकणारच. काढायचं म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा चीर, मनगटातून जाणाऱ्या नसेला पुन्हा धक्का लागायची भीती, आणि खर्च. माझा काढायचा खर्च 23,000 आला, त्यात बुडालेली दिवाळी धरलेली नाही.

उलट माझ्या भाच्याला काडीचा त्रास नाही, तरी तो काढणार आहे. वय 20. मोटारसायकलवरून पडला होता. आमचा जिल्हा फौजेचा, इथल्या एका गावाचं नावच मिलिटरी अपशिंगे. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत हाडात धातू असला की उमेदवार अपात्र ठरतो, म्हणून हाड पक्कं झाल्यावर तो प्लेट काढून, त्यांनी सांगितलेली मुदत थांबून मग उभा राहणार. हे कारण हाडाचं नाही, भरतीचं आहे, पण वीस वर्षांच्या पोरासाठी त्याहून मोठं कारण दुसरं नसतं.

धाकटी सांगते, परदेशातही याबाबत एकमत नाही. जपानात हाड जुळलं की धातू काढून टाकण्याकडे पुष्कळ डॉक्टरांचा कल असतो. इंग्लंड-अमेरिकेत त्रास नसेल तर आत राहू देतात. हाड तेच आणि प्लेटही तशीच. म्हणजे प्लेट निघणार की राहणार, यात ती कुठे बसली, स्क्रू पलीकडच्या बाजूने किती बाहेर आला, वय किती, हाताचं काम काय, हे तर आलंच, पण डॉक्टर कुठे शिकले आणि पेशंटचा खिसा केवढा, हेही आलं. स्क्रू हाताच्या पाठीकडे लांब गेला तर तिथली अंगठा उचलणारी टेंडन अशीच घासते. हाडाची ती बाजू सपाट नसते, तिथे एक उंचवटा असतो, म्हणून साध्या एक्स-रेत लांब स्क्रूही बेताचा वाटतो. हे सगळं मला आता माहीत आहे. 2022 च्या जुलैत ‘राहू दे आत’ एवढंच माहीत होतं.

सरकारने 2017 साली हृदयाच्या स्टेंटचे दर बांधले तेव्हा त्यासोबत असंही घालून दिलं की, बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायची आणि त्याचं नाव, कंपनी, बॅच नंबर लिहायचा. गुडघ्याच्या सांध्याचे दरही त्याच वर्षी बांधले. मनगटाच्या प्लेटलाही कागदावर तेवढी ओळख मिळावी, एवढंच माझं मागणं आहे. प्लेटसोबत खोक्यात स्टिकर येतं. ते पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवायला अर्धा मिनिट लागत नाही. आम्ही साधं मिक्सर घेतलं तरी वॉरंटीचं कार्ड दहा वर्षं जपतो, मग हातातल्या प्लेटचं जपणार नाही का? आणि प्लेट काठावर बसवावी लागली असेल तर ते तोंडी सांगून विसरू नये, कार्डावर लिहावं: ‘प्लेट काठाजवळ आहे. अंगठा वाकवताना करकरल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावं.’ मराठीत लिहावं. माझ्या कार्डावर कुठल्या गोळ्या जेवणाआधी आणि कुठल्या जेवणानंतर ते मराठीत होतंच की.

पेशंटकडेही थोडं आहे. भाच्याची प्लेट बसली तेव्हा मी दवाखान्यात बसून स्टिकर मागून घेतलं आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवला. वॉर्डबॉय हसला. हसू दे. आता तो स्टिकर भाच्याच्या दहावीच्या मार्कलिस्टसोबत फाईलमध्ये आहे.

माझा अंगठा आता वाकतो. सकाळी उठल्यावर जरा आखडतो, गरम पाण्यात धरला की सुटतो. मोठी कैची पहिल्यासारखी सलग चालवत नाही, अस्तराचं कापड आता लेक कापते. प्लेट बटणांच्या डबीत ठेवली आहे.

जाऊबाईंचं मात्र समाधान झालेलं नाही. 2009 साली मामंजी गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी राख सावडताना खुब्यातला रॉड सापडला होता. तो अस्थींबरोबर संगमावर न्यायचा की नाही, यावर घाटावर अर्धा तास चर्चा झाली होती, आणि प्लेट काढायचा त्यांचा हट्ट मूळचा तिथला आहे, पावसाचा नाही. मिरजेहून परतताना एसटीत त्या गप्प बसल्या होत्या. इस्लामपूर मागे पडल्यावर म्हणाल्या, ‘राहू दे मग. पण सावडताना तेवढी बाजूला काढा, आणि नंबर लिहून ठेवा हो.’

आपली,
ब्लाऊज शिवणारी एक वाचक,
शनिवार पेठ, कराड